चारच आहे

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत आकडा पूर्ण बोलायची पद्धत नव्हती. विहिरीचं पाणी येवो, तलावाचं येवो, नाहीतर कुठल्या वसतिगृहाच्या टाकीचं, त्यातले जंतू मोजायचे आणि आकडा कागदावर नीट लिहायचा: दोन पूर्णांक सहा गुणिले दहा, आणि दहाच्या डोक्यावर बारीकसा चार. तोंडाने मात्र नुसतं 'चार' म्हणायचं.

"तलावाचं काय आलं?"

"चार."

"आणि वसतिगृह?"

"दोन. चालतंय."

दोन म्हणजे शेकड्यात, तीन म्हणजे हजारात, चार म्हणजे दहा हजारांच्या घरात. डोक्यावरच्या या आकड्याला तिथे सगळे 'पायरी' म्हणत. एक पायरी चढलं की दसपट, एक उतरलं की दहावा हिस्सा. पुढचे दोन पूर्णांक सहा की तीन पूर्णांक एक हे कागदापुरतं. त्याने चहाच्या वेळी कुणाचं काही अडत नसे.

ताई तिथे तरुणपणी लागली आणि तिथेच तिचे केस पिकले. प्रयोगशाळेत तिला मोजणीबाई म्हणत. काम सांगायला सोपं होतं. एका ओळीत काचेच्या नळ्या, प्रत्येकीत नऊ भाग स्वच्छ पाणी. नमुन्यातला एक भाग पहिल्या नळीत टाकायचा, हलवायचा. त्यातला एक भाग दुसरीत, तिच्यातला तिसरीत. प्रत्येक नळी आधीच्या नळीपेक्षा दहापट विरळ. मग प्रत्येकीतलं थोडं पाणी काचेच्या बसक्या ताटलीत जंतूंच्या खाद्यावर ओतून उबदार कपाटात ठेवायचं. दुसऱ्या दिवशी जंतूंचे ठिपके दिसायला लागत. मूळ पाण्याच्या ताटलीत दुधावर साय धरावी तसा एकसलग थर यायचा. त्यात मोजणार काय, कपाळ? म्हणून ठिपके सुटेसुटे दिसतील ती ताटली घ्यायची, मोजायची, आणि जितक्या पायऱ्या उतरलो तितक्या परत चढून मूळ पाण्याचा आकडा सांगायचा.

प्रयोगशाळेतली भांडी धुणारी बाटलीवाली ताईची त्यातल्या त्यात मैत्रीण. ती म्हणायची, "बाई, तुम्ही घरी भातसुद्धा पायऱ्यांत करत असाल."

"घरी पायरी शून्य," ताई म्हणायची. "एक माणूस. दहाचा शून्यावा घात म्हणजे एकच."

बाटलीवालीला ते कळलं नाही, पण ती हसली.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूल नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खाली सायकल दुरुस्तीचं दुकान. दिवसभर पंपाचा फुसफुसाट आणि संध्याकाळी शटर ओढल्याचा खडखडाट, की मग काही नाही. एका माणसाचा स्वयंपाक म्हणजे भांडी जास्त आणि अन्न कमी. जेवणाच्या टेबलाच्या दुसऱ्या खुर्चीवर धुतलेले कपडे पडलेले असत. घडी करून कपाटात ठेवायला काही जड नव्हतं, पण मग खुर्ची रिकामी दिसली असती.

रक्ताचं माणूस म्हणून एक धाकटी बहीण. तिचं घर त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला. दोघींत भांडण असं कधी झालं नाही. भांडायलासुद्धा येणं-जाणं लागतं. आईच्या आजारपणात ताईने रजा काढल्या, धाकटीने फोन केले. आई गेल्यावर दोघी एकमेकींशी जरा जास्तच गोड बोलायला लागल्या आणि हळूहळू बोलणं आटलं.

मग धाकटीची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. डॉक्टरांनी दुसरं बसवायला सांगितलं. ताई न विचारता इस्पितळात गेली, दंड पुढे केला. रक्त जुळलं, बाकीचंही बरंचसं जुळलं. पण रक्तदाबाने घोडं अडलं. डॉक्टर म्हणाले, तुमचं काढून घेतलं तर उद्या तुम्हालाच घ्यावं लागेल. ती परत फिरली. मूत्रपिंड दिलं धाकटीच्या नणंदेने. नणंद एकटी होती, भावाकडेच राहत होती, धडधाकट होती. तिने पोटावर वीतभर वण घेतला आणि त्या घरात तिचा शब्द खाली पडेनासा झाला. पडू नयेच. ताईला ते पटत होतं. फक्त इस्पितळात भेटायला गेली की आपण फळं घेऊन आलेल्या शेजारणीसारख्या स्टुलावर बसलोय असं तिला वाटायचं.

ताईचा नंबर लागला तो नंतर.

नवं मूत्रपिंड अंगाने नाकारू नये म्हणून ज्या गोळ्या देतात त्यांनी अंगाची राखण ढिली पडते. धाकटीच्या रक्तात एक विषाणू वाढला. दर आठवड्याला रक्त द्यायचं, आणि गुरुवारी संध्याकाळी रिपोर्ट फोनवर यायचा. पहिला रिपोर्ट आला तेव्हा धाकटीच्या नवऱ्याने ताईला फोन केला.

"ताई, तीन पॉइंट चार लिहिलंय. मग गुणिले दहा आणि वर पाच. म्हणजे चौतीस की काय?"

"तीन लाख चाळीस हजार," ताई म्हणाली. "एका मिलिलिटरमध्ये. म्हणजे वीसेक थेंब रक्तात."

तिकडे फोन मोठ्या आवाजावर होता. धाकटीच्या रडण्याचा आवाज आला. "तीन लाख? माझ्यात?"

ताईला आपली जीभ चावावीशी वाटली. "अगं, ऐक. आमच्याकडे आम्ही असं लाख-हजार म्हणतच नाही. आम्ही म्हणतो पाच. पाचव्या पायरीवर आहे. औषधाने एकेक पायरी खाली आणायचं. पाच, चार, तीन. तू नुसतं पाच म्हण."

"पाच," धाकटी नाक ओढत म्हणाली.

"पाचच आहे. पाच पायऱ्या उतरायला काय लागतं?"

लाखांनी घाबरलेली धाकटी पाचाने शांत झाली. तेव्हापासून दर गुरुवारी ताईचा फोन वाजायला लागला. रिपोर्टचा फोटो आधी यायचा, मागोमाग फोन. ताई संध्याकाळीच जेवून, भांडी घासून, हात पुसून बसायची. त्या दिवशी दुसऱ्या खुर्चीवरचे कपडे कपाटात जायचे, जणू कुणी येणारच आहे.

रिपोर्टचं बोलून झालं की आणखी दोन गोष्टी निघायच्या. एकदा रक्तातल्या औषधाचं प्रमाण आलं, सात नॅनोग्राम.

"नॅनो म्हणजे गं?"

"ग्रॅमचा हजारावा मिली, त्याचा हजारावा मायक्रो, त्याचा हजारावा नॅनो. नऊ पायऱ्या खाली."

"इतकुसं औषध काय दिवे लावणार? आणि त्यासाठी मी रोज ओकाऱ्या काढतेय?"

तिचा नवरा विजेच्या मोटरींचं वाइंडिंग करायचा. तो मागून म्हणाला, "आमच्यात अशा एकेक पायऱ्या चढत नाहीत, ताई. आम्ही तीन-तीन घेतो. किलो म्हणजे हजार, मेगा म्हणजे दहा लाख. तीन पायऱ्यांचा एक मजला. एवढ्या पायऱ्या मोजत बसलो तर मोटर जळून जाईल."

"तुमचे पाय लांब आहेत," ताई म्हणाली, आणि तिकडे सगळे हसले. नणंदसुद्धा हसली. मग म्हणाली, "ताई आकडे सांभाळतात, आम्ही पथ्य सांभाळतो. घर चाललंय." बोलणं सरळ होतं. ताईला ते रात्री आठवलं तेव्हा जरा वाकडं वाटलं.

औषध लागू पडलं. दोन पूर्णांक दोन, दहाच्या डोक्यावर चार. "चारवर आला," ताई म्हणाली, आणि घरात कुणीतरी टाळी वाजवलेली तिला ऐकू आली. पुढच्या गुरुवारी एक पूर्णांक तीन, चार. "चारच आहे. पण उतरतोय." डॉक्टरांनी पुढची तारीख पंधरा दिवसांवर दिली.

त्याच्या पुढच्या गुरुवारी फोटो आला आणि लगेच फोन.

"ताई, आज जरा अंगात कसकस आहे," धाकटी म्हणाली. "आणि मळमळ. वन्सं म्हणतायत डॉक्टरांना फोन करू. रिपोर्ट बघतेस?"

ताईने चष्मा लावून बघितलं. आठ पूर्णांक नऊ गुणिले दहा, डोक्यावर चार. इतक्या वर्षांची नजर जिथे जायची तिथेच गेली.

"चारच आहे," ती म्हणाली.

"म्हणजे वाढलं नाही ना?"

"चार होता, चारच आहे. ठरलेल्या तारखेला जा. त्या गोळ्यांनीच मळमळत असेल."

"बघा वन्सं, चारच आहे," धाकटी तिकडे म्हणाली. मग थोडा वेळ तिने शेजारच्यांच्या नव्या गाडीबद्दल सांगितलं, आणि त्या दोघी लहान असताना वडिलांच्या स्कूटरवर पुढे कोण उभं राहणार म्हणून जी ओढाताण चालायची त्याबद्दल. "तू मला कधी उभं राहू दिलं नाहीस," असं म्हणाली. फोन ठेवला तेव्हा ताईच्या कानाला घाम आला होता. ती खूश होती.

दुसऱ्या दिवशी ती मोजायला बसली. खालून दिवा लागणाऱ्या काचेवर ताटली ठेवायची, ठिपक्यावर पेनाने टिंब करायचं आणि बोटाखालचा मोजणीचा खटका दाबायचा. दोन नमुने होते, दोन्हींची तिसऱ्या नळीची ताटली तिने शेजारी शेजारी ठेवली. एकीत इकडे तिकडे पांगलेले डझनभर ठिपके. नियमाने इतके कमी ठिपके असलेली ताटली मोजायची नसते, आधीच्या नळीची घ्यायची, पण अंदाजाला चालतं. दुसरीत ठिपक्याला ठिपका टेकायला आलेला, नव्वदच्या आसपास असावेत.

बाटलीवाली ट्रे न्यायला आली. "काय आलं?"

"चार," ताई म्हणाली. "दोन्ही."

"दोन्ही?" बाटलीवाली वाकून बघत म्हणाली. "बाई, ही तर गच्च आहे."

"हो, पण पायरी..." ताई म्हणाली आणि थांबली.

बाटलीवाली काही विशेष बोलली नव्हती, ट्रे उचलून गेलीसुद्धा. ताई दोन ताटल्यांकडे बघत राहिली. एकीत तिला धाकटीचा मागचा रिपोर्ट दिसला, एक पूर्णांक तीन. दुसरीत कालचा, आठ पूर्णांक नऊ. पायरी एकच, आणि त्या पायरीवर एक जण कडेला उभा आणि दुसरा पुढच्या पायरीवर पाय टाकायच्या बेतात. तेरा हजारांचे एकोणनव्वद हजार झाले होते. जवळजवळ सातपट. जंतूंनी आठवडाभरात एवढी उडी मारलेली विहीर असती तर तिने स्वतः जाऊन तिला झाकण घालायला लावलं असतं.

खटक्यावरचं बोट तिने उचललं.

पहिला विचार आला तो चांगला नव्हता, आणि तो आला हे तिने स्वतःपाशी कबूल केलं. तारीख तशी आठवड्यावर आली आहे. डॉक्टर बघतीलच. आपण बोललोच नाही तर कुणाला कळणार? आणि बोललो तर पुढच्या गुरुवारी फोन कशाला येईल? चुकीच्या घड्याळाला वेळ कोण विचारतं?

मग तिला धाकटीचा आवाज आठवला, 'बघा वन्सं, चारच आहे.' ती हात न धुताच उठली, दारापाशी जाऊन परत आली, हात धुतले आणि जिन्यात जाऊन फोन लावला.

फोन नणंदेने उचलला.

"ताई? आज शुक्रवार ना?"

"ती कुठाय?"

"झोपलीय. अंगात ताप आहे थोडा. तुम्ही म्हणालात म्हणून गोळी देऊन झोपवलं."

"डॉक्टरांना आत्ता फोन करा. आजच्या आज दाखवा. रिपोर्ट वाढलाय. मी काल चुकीचं सांगितलं."

मग नणंद म्हणाली, "चार होता ना?"

"चारच आहे."

"मग वाढला कुठे?"

"पायरी तीच आहे हो. पुढचा आकडा वाढलाय. एक पॉइंट तीनचा आठ पॉइंट नऊ झालाय. मी पायरीच बघितली, पुढचं बघितलं नाही."

"मला ते पायऱ्यांचं कळत नाही. सरळ सांगा."

"गेल्या आठवड्यात तेरा हजार होते. आता एकोणनव्वद हजार."

"हे तर मलासुद्धा कळतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "तेरा आणि एकोणनव्वद. पोरालासुद्धा कळेल. मग असं का नाही सांगितलंत?"

ती घाबरू नये म्हणून, असं ताईला म्हणायचं होतं. पहिल्या दिवशी ती रडली होती म्हणून. ते खरंही होतं. पण नणंदेने स्वतःच्या पोटातलं काढून दिलेलं मूत्रपिंड धोक्यात आलं होतं, आणि तिच्यासमोर हे कारण फार किरकोळ वाटलं.

"चुकलं माझं," ताई म्हणाली. "आधी डॉक्टरांना फोन करा."

"करते," नणंद म्हणाली, आणि फोन बंद झाला.

धाकटीला त्याच संध्याकाळी दाखल करून घेतलं. सलाईनमधून औषध सुरू झालं, बाकीच्या गोळ्या बदलल्या. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर थांबला असतात तर कठीण होतं. धाकटीच्या नवऱ्याने हे ताईला मुद्दाम फोन करून सांगितलं. चांगल्या मनाने सांगितलं. त्याच वाक्यात तिने वाचवल्याचंही होतं आणि तिने थांबायला सांगितल्याचंही, हे त्याच्या लक्षात आलं नसावं.

ताई भेटायला गेली. धाकटी पांढऱ्या चादरीवर पातळ होऊन पडली होती. ताई म्हणाली, "चुकलं गं माझं."

"जाऊ दे," धाकटी म्हणाली. "तू नसतीस तर हे आकडे आम्हाला वाचताच आले नसते." मग तिने डोळे मिटले, आणि नणंदेने येऊन तिची उशी सारखी केली. ताईही उशीकडे हात नेत होती. तिने तो मागे घेतला.

निघताना तिने धाकटीच्या नवऱ्याला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि सगळं नीट शिकवलं. आधी डोक्यावरचा आकडा बघायचा, मग पुढचा. दोन्ही मिळून काय होतात ते पूर्ण लिहून काढायचं. नुसत्या एकावर विसंबायचं नाही.

"मी माझ्या पद्धतीने लिहू का?" तो म्हणाला. "किलोमध्ये? तेरा किलो, एकोणनव्वद किलो. म्हणजे मजला तोच राहतो आणि पुढचा आकडाच हलतो. लपायला जागाच नाही."

इतकं साधं होतं. "लिहा," ती म्हणाली. "तेच बरं."

त्याने फोनवर मागचे सगळे रिपोर्ट तसे लिहून काढले आणि ते बरोबर आहेत का ते तिला दाखवलं. तीनशे चाळीस, बावीस, तेरा, एकोणनव्वद. बरोबर होते. शिकवणं इतकं छान जमलं होतं की पुन्हा काही विचारायची गरज उरली नाही.

त्यानंतर गुरुवारी फोन वाजला नाही. निरोप यायचा. '४० किलो.' पुढे '११.' पुढे '२.' ताई उत्तर द्यायची, 'छान.' तिकडून अंगठा यायचा. रिपोर्ट आठवड्याचे पंधरवड्यावर गेले, पंधरवड्याचे महिन्यावर. जेवून, हात पुसून बसायची सवय मात्र मोडायला वेळ लागला. कपडे पुन्हा दुसऱ्या खुर्चीवर आले.

एका गुरुवारी निरोप आला, 'सापडला नाही. म्हणजे शून्य ना, ताई?'

बऱ्याच दिवसांनी आलेला हा प्रश्न. तिने उत्तर लिहायला घेतलं. शून्य म्हणत नाहीत. आमच्याकडेही कधी शून्य लिहीत नाहीत. आपल्या मोजणीत येत नाही इतकं कमी, एवढंच. असेलही, पण आपल्याला दिसत नाही. लिहून झालं आणि तिने ते वाचलं. असं लिहिलं तर धाकटी पुन्हा घाबरेल. नाही लिहिलं तर पुन्हा एकदा अर्धंच सांगितल्यासारखं होईल. तिने आहे तसं पाठवलं आणि खाली जोडलं, 'पण काळजीचं नाही, हे खरंच काळजीचं नाही.'

अंगठा आला.

ती फोन हातात घेऊन बसली. इतक्या गुरुवारांत आपण तिला एकदाही रिपोर्ट सोडून 'कशी आहेस' असं विचारलं नाही, हे तिच्या ध्यानात आलं. विचारायला आकडा हातात होता, म्हणून दुसरं काही लागलंच नाही. तिने फोन लावला.

नणंदेने उचलला. "अहो ताई, रिपोर्ट पाठवला की भावाने."

"हो, मिळाला. सहज केला."

"सहज?" नणंद म्हणाली. शब्द पहिल्यांदा ऐकल्यासारखा तिने तो उलटापालटा करून बघितला. "ते दोघं बाहेर गेलेत. फिरायला. डॉक्टरांनी सांगितलंय चालायला. आल्यावर सांगते."

"बरं." ताईला ठेवायचं सुचेना. "तुम्ही नाही गेलात?"

"मी कशाला त्यांच्यात? घरात कुणीतरी लागतं." मागे कुठेतरी नळाचं पाणी पडत होतं. नणंद ते बंद करायला गेली असावी. परत आली. "तुम्ही पाणी तपासता ना? आमच्या टाकीच्या पाण्याला हल्ली वास येतोय. मी म्हटलं तर भाऊ म्हणतो, तुझ्या नाकाला येतोय."

"घरातल्या बाटलीतलं चालत नाही," ताई म्हणाली. "आमची बाटली लागते, निर्जंतुक केलेली. मी घेऊन येईन."

"याल? इतक्या लांब?"

"येईन. रविवारी सुट्टीच असते."

"या मग," नणंद म्हणाली. आणि पुढे म्हणाली, "पण मला काय आलं ते सरळ आकड्यात सांगा हं. पायऱ्या नकोत."

"सरळ सांगेन."

दुसऱ्या दिवशी ताईने बाटलीवालीकडून निर्जंतुक बाटली मागून घेतली, तिच्या झाकणावरचा कागद सुटणार नाही असा दोऱ्याने बांधला आणि घरी आणून दुसऱ्या खुर्चीवर, कपड्यांच्या वर ठेवली. खाली सायकलवाल्याने शटर ओढलं. कुठला रविवार ते तिनेही सांगितलं नव्हतं आणि नणंदेनेही विचारलं नव्हतं.